बॅटरीचं भाडं कसं मोजायचं? खासगी साठवण प्रकल्पांची पार्श्वभूमी

साताऱ्याला साठवलेली वीज नवी नाही. संध्याकाळी मागणी चढली की कोयनेचे संच लागतात; साठा पाण्याचा, आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली. खासगी पैसाही नवा नाही. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या प्राप्तिकरातल्या घसाऱ्याच्या सवलतीवर. सुरुवातीला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे. पुढे तो ८० झाला, २०१२ मध्ये १५, २०१४ मध्ये पुन्हा ८० आणि २०१७ पासून ४०. लाभ चक्की उभी करण्यावर होता, ती किती फिरते यावर नव्हता. युनिटमागे ५० पैसे देणारी योजना यायला २००९ उजाडलं.

बॅटरीच्या बाबतीत हाच प्रश्न, पैसे कशाचे द्यायचे, निविदांच्या आकड्यांत अडकला आहे. २००३ च्या वीज कायद्यात साठवणुकीची वेगळी व्याख्या नव्हती. ती डिसेंबर २०२२ च्या नियमांनी दिली आणि साठवण हा वीजप्रणालीचा भाग ठरला.

गोंधळ एककाचा आहे. वीज खरेदीदार बॅटरीच्या मालकाला देतो ते भाडं ठरतं दर मेगावॉटला दरमहा, सरकारी अनुदान मिळतं दर मेगावॉट-तासाला. मेगावॉट म्हणजे वीज किती जोराने बाहेर पडते, मेगावॉट-तास म्हणजे पोटात किती मावते. १ मेगावॉट/२ मेगावॉट-तासाची बॅटरी दिवसाला दोनदा पूर्ण रिकामी केली तर वर्षाला १४.६ लाख युनिटं मिळतात. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय निविदेतला दर होता दरमहा सुमारे १०.८४ लाख रुपये, म्हणजे युनिटमागे ८.९० रुपये भाडं. भरण्या-रिकामी करण्याची फेरी दिवसाला एकच झाली तर हाच आकडा दुप्पट. चार्जिंगची वीज खरेदीदाराची, तिचा खर्च वेगळा. १०० युनिटं घालून ८५ परत मिळत असतील, तर अडीच रुपयांची दुपारची वीज रात्री २.९४ रुपयांची होते.

त्या निविदेत ६० टक्के क्षमता खरेदीदाराची होती. उरलेली ४० टक्के गुंतवणूकदाराने स्वतः विकायची. दराला मंजुरी मिळालीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने ती नाकारली, कारण तोवर बाजार पार उतरला होता: मार्च २०२४ मध्ये गुजरातेत ४.४९ लाख, वर्षाअखेर राजस्थानात अनुदानासह २.२१ लाख. ग्राहकाच्या बाजूने नकार समजण्यासारखा आहे. पण जिंकलेली बोली दोन वर्षांहून अधिक काळ लटकते हे एकदा दिसलं की पुढच्या प्रकल्पाला कर्ज देणारी बँक ती जोखीम व्याजात धरते. ही किंमत फारशी कुणी मोजत नाही, आणि खासगी पैसा आणायचा असेल तर ती आधी मोजायला हवी.

अनुदानही असंच बदलत गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तासांसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, पुढे मेगावॉट-तासाला २७ लाखांची मर्यादा, आणि २०२५ मध्ये ३०,००० मेगावॉट-तासांसाठी १८ लाख, एकूण ५,४०० कोटी.

बॅटरीच्या निविदांच्या अटींत पवनचक्क्यांच्या वेळची चूक बरीचशी टाळली आहे. महिन्याला ९५ टक्के उपलब्धता नसेल तर कमी पडलेल्या भागाचा दंड दुप्पट भाड्याने. फेरीची कार्यक्षमता, म्हणजे घातलेल्या विजेपैकी परत मिळणारा वाटा, ८५ टक्क्यांखाली गेली तर नुकसानभरपाई, ७० खाली गेली तर भाडंच बंद.

कसोटी लागते ती दोन लाखांच्या आसपासच्या बोलींची. सेल दरवर्षी थोडे थकतात, म्हणून सुरुवातीलाच जादा सेल बसवावे लागतात किंवा काही वर्षांनी भर घालावी लागते. जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात बॅटरीचा कंटेनर २५ अंशांच्या आसपास ठेवायचा तर शीतकरणाची वीज वाढते. ती कार्यक्षमतेत धरायची की वेगळ्या मीटरवर, हे करारात आधीच लिहिलेलं हवं. पवनचक्क्यांच्या उपकेंद्रावर बॅटरी बसवायची तर आणखी एक हिशेब आहे: जून ते सप्टेंबर वारा दिवसरात्र वाहतो, तिथे दोन तासांचा साठा पुरत नाही. पूर्वेकडच्या सौर वाहिन्यांवर मात्र दुपारची वीज संध्याकाळी सातला न्यायची असते, आणि त्याला दोन तास पुरतात.