मॅकबुक एअर की मॅकबुक प्रो: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

एम-५ चिपचा १४ इंची मॅकबुक प्रो ॲपलने १५ ऑक्टोबर २०२५ला जाहीर केला आणि २२ तारखेला, ऐन दिवाळी पाडव्याला, तो विक्रीला आला. तेव्हा त्याची किंमत होती १,६९,९०० रुपये. दुकानात त्याच्या शेजारीच त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला एम-४चा १३ इंची मॅकबुक एअर होता, ९९,९०० रुपयांचा. पुढचा सगळा हिशेब २०२५च्या या किमतींवर आहे. दोन्हींत १६ जीबी मेमरी, दोन्हींचा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) दहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या दहा भागांचा, कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, कीबोर्डही हाताला जवळपास सारखाच लागतो. पाच मिनिटं दोन्ही हाताळून पाहिले तर वेगात तसूभरही फरक कळत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, 'एकदाच घ्यायचाय ना, मग चांगलाच घेऊ,' आणि प्रोचं बिल होतं. माझ्या मते दहातल्या सात-आठ जणांसाठी हा निर्णय चुकीचा असतो. उरलेल्यांसाठी मात्र एअर घेणं तितकंच चुकीचं ठरेल.

आधी किमतीचा घोळ निस्तरू. ७०,००० रुपयांचा फरक दिसतो तो खरा नाही, कारण ९९,९०० रुपयांच्या एअरमध्ये स्टोरेज २५६ जीबी आहे आणि प्रोमध्ये ५१२. या लॅपटॉपमध्ये मेमरी किंवा स्टोरेज नंतर वाढवून मिळत नाही. घेताना जे घ्याल ते शेवटपर्यंत. आणि २५६ जीबी आजच्या घडीला तोकडंच आहे, मोबाइलमधले फोटो उतरवून घेतले तरी वर्षभरात भरतं. म्हणून तुलना करायची ती ५१२ जीबीच्या एअरशी. तो तेव्हा १,१९,९०० रुपयांना मिळत होता आणि त्यात ग्राफिक्सचे कोअरही आठाऐवजी दहा येतात. म्हणजे प्रश्न पन्नास हजारांचा आहे.

या पन्नास हजारांत वेग किती मिळतो? ॲपलच्याच दाव्यानुसार एम-४पेक्षा एम-५चा सीपीयू एकापेक्षा जास्त कोअर वापरणाऱ्या कामांत १५ टक्क्यांपर्यंत आणि ग्राफिक्स ४५ टक्क्यांपर्यंत वेगवान आहे. ईमेल, एक्सेल, ब्राउझरमधले तीस टॅब, झूमची मीटिंग यांत हा फरक जाणवत नाही, कारण ही कामं चिपला दमवतच नाहीत. खरा फरक वेगळीकडे आहे: प्रोमध्ये पंखा आहे, एअरमध्ये नाही.

एअरच्या चिपची उष्णता ॲल्युमिनियमच्या बॉडीतून हळूहळू बाहेर जाते. काम मिनिट-दोन मिनिटांचं असेल तर त्याने काही बिघडत नाही, चिप पूर्ण वेगाने धावते आणि काम संपवून गार होते. पण तासाभराच्या ४के व्हिडिओचं एक्स्पोर्ट लावलं, थ्रीडी रेंडर लावला किंवा मोठा प्रोजेक्ट पुन्हापुन्हा कंपाइल करत बसलात, तर काही मिनिटांत बॉडी तापते आणि चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. प्रोचा पंखा एरवी बहुतेक वेळ बंद किंवा ऐकू न येण्याइतका मंद असतो. काम वाढलं की तो फिरू लागतो आणि वेग टिकवून धरतो. म्हणून 'कोणता वेगवान?' या प्रश्नाचा उपयोग नाही. तुमचं काम चिपला सलग किती वेळ राबवतं, ते पाहा.

या मुद्द्यावर आपल्याकडे जास्तच विचार व्हायला हवा. दोन्ही लॅपटॉप १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावेत, असं ॲपलच्या तांत्रिक माहितीत लिहिलेलं आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि कूलरवर चालणाऱ्या खोलीतही दुपारी ३५ अंश सहज ओलांडले जातात. भोवतालची हवाच गरम असेल तर बिनपंख्याच्या लॅपटॉपला उष्णता टाकायला जागा कमी उरते, म्हणजे एअरचा वेग आणखी लवकर उतरणार. त्यात लग्नसराई नेमकी तेव्हाच. विदर्भात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने एअर घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. तेच काम पुण्यात एसी ऑफिसात आणि महिन्याला एखादाच व्हिडिओ असेल, तर एअर पुरतो. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच.

पंख्यानंतरचा दुसरा खरा फरक पडद्याचा. एअरचा पडदा १३.६ इंचांचा, ५०० निट्स तेजाचा आणि सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. प्रोचा १४.२ इंचांचा, मिनी-एलईडीचा (मागे बारीक बारीक दिवे असलेला), सेकंदाला १२० वेळांपर्यंत चित्र बदलणारा. एचडीआर चित्रपटात, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा असलेल्या चित्रात, सलग १,००० निट्स आणि क्षणिक १,६०० निट्सपर्यंत तेज देणारा. खिडकीजवळ किंवा अंगणात बसून काम करायचं असेल तर हे तेज साध्या मजकुरालाही उपयोगी पडतं, तिथेही तो १,००० निट्सपर्यंत जातो. फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांनी निव्वळ या पडद्यासाठी प्रो घेतला तरी तो खर्च मला वाजवी वाटतो. एक सावधगिरी मात्र हवी. मिनी-एलईडीचं तेज कमी करताना मागचे दिवे अतिवेगाने चालू-बंद होत असतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचे डोळे शिणतात, डोकं दुखतं. तुम्हाला हा त्रास होत असेल तर दुकानात पडद्याचं तेज उतरवून थोडा वेळ वाचत बसा आणि मगच ठरवा.

बॅटरीबद्दल जाहिरातीतला आकडा नीट वाचायला हवा. व्हिडिओ पाहण्यासाठी प्रो २४ तास आणि एअर १८ तास, असा ॲपलचा दावा आहे. फरक मोठा वाटतो. पण वेब वापरण्याचे तास त्याच कागदावर १६ आणि १५ आहेत. आपलं रोजचं काम या दुसऱ्या आकड्याला जवळचं आहे. या एका तासासाठी एअरच्या १.२४ किलोऐवजी १.५५ किलो वजन खांद्यावर येतं. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला ही ३१० ग्रॅमची भर रोज जाणवते.

पोर्ट्सचं थोडक्यात. दोन्हींना मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारं चार्जिंग आहे. त्याशिवाय एअरला दोन थंडरबोल्ट (यूएसबी-सीच्याच आकाराचे वेगवान पोर्ट), तर प्रोला तीन थंडरबोल्ट, एचडीएमआय आणि एसडी कार्डाची खाच. कॅमेऱ्यात एसडी कार्ड असेल तर ही खाच सोयीची. सीएफएक्स्प्रेस कार्ड वापरत असाल तर कार्ड रीडर दोन्हीकडे लागणारच. वर्गात शिकवणाऱ्याला, प्रोजेक्टर लावणाऱ्याला एचडीएमआय हवं असतं, पण त्यासाठी यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर पुरेसा आहे. दोन मॉनिटर जोडता यावेत म्हणून प्रो घेणारेही भेटतात. ते कारण आता उरलेलं नाही. एम-४चा एअर झाकण उघडं ठेवून दोन बाहेरचे मॉनिटर चालवतो. वाय-फायही दोन्हीकडे ६ईच आहे.

आणखी एक गल्लत खूप जण करतात. लॅपटॉपच्या नावातला 'प्रो' वेगळा आणि चिपच्या नावातला 'प्रो' वेगळा. या १४ इंची मॅकबुक प्रोमध्ये साधी एम-५ आहे. एम-४ प्रो ही निराळी, मोठी चिप आहे. तिच्यासोबत २४ जीबी मेमरी येते आणि मेमरीचा वेग सेकंदाला २७३ जीबी आहे. साध्या एम-५चा १५३ आणि एम-४चा १२०. एम-४ प्रोचा १४ इंची लॅपटॉप १,९९,९०० रुपयांना आला होता. व्हिडिओ एडिटिंग किंवा सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट हाच तुमचा पोटापाण्याचा उद्योग असेल, तर १.७० लाखावर थांबण्यापेक्षा आणखी तीस हजार घालून तिकडे जाणं मला जास्त पटतं. एआय मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर चालवणाऱ्यांनाही हेच लागू. एम-५च्या प्रत्येक ग्राफिक्स कोअरमध्ये एआयसाठी खास भाग दिला आहे आणि तो उपयोगाचाही आहे, पण १६ जीबीत मॉडेलच मावलं नाही तर त्या वेगाचं करायचं काय?

मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजसाठी घेत असाल तर दोन्हींच्या आधी सॉफ्टवेअर विचारा. मेकॅनिकलचं सॉलिडवर्क्स, सिव्हिलचं ईटॅब्स आणि स्टॅड प्रो ही विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यापासून मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकायची सोयही गेली. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये टॅली लागणार, तीही विंडोजवरच. या मुलांसाठी एअरही नको आणि प्रोही नको. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला एअर उत्तम. सीयूडीए (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर प्रोग्रॅम चालवण्याची पद्धत) शिकायचं असेल तर मात्र एनव्हिडियाचं कार्ड असलेला लॅपटॉपच हवा.

व्यवसायासाठी घेणाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. १,६९,९०० रुपयांत सुमारे २५,९०० रुपये कराचे असतात. तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल, कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) नसाल आणि लॅपटॉप धंद्याच्या कामाचा असेल, तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्या. हा कर इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. मग एअर आणि प्रोमधला फरक पन्नास हजारांवरून ४२ हजारांच्या आसपास येतो. एम-४चा जुना १४ इंची प्रोही दुकानात शिल्लक आहे का, ते आवर्जून विचारा. त्यालाही पंखा आहे, तेच पोर्ट्स आहेत आणि तसाच मिनी-एलईडी पडदा आहे. तो वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त मिळत असेल तर मी एम-५ सोडून तोच घेईन.