पॉन्टिफ्रॅक्टचा किल्ला आणि ज्येष्ठमधाची मुळं

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या पॉन्टिफ्रॅक्ट किल्ल्याचा इतिहास रक्तरंजित आहे. गादीवरून उतरवलेला राजा दुसरा रिचर्ड १४०० साली इथेच कैदेत मेला. सतराव्या शतकातल्या यादवीत किल्ल्याला वेढ्यामागून वेढे पडले आणि १६४९ मध्ये तो पाडून टाकण्यात आला. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. या पडक्या किल्ल्याच्या आवारात ज्येष्ठमधाची शेती झाली. खडकात खोदलेल्या ज्या तळघराच्या भिंतींवर युद्धकैद्यांनी आपली नावं कोरली होती, त्याच थंड, अंधाऱ्या जागेत पुढे ज्येष्ठमधाची मुळं साठवली जाऊ लागली. आज किल्ल्यात औषधी वनस्पतींची छोटी बाग आहे आणि ज्येष्ठमधाला तिथे मानाचं स्थान आहे.

ज्येष्ठमध मूळचं भूमध्य समुद्राच्या आसपासचं आणि पश्चिम-मध्य आशियातलं. ते इंग्लंडमध्ये धर्मयुद्धातल्या सरदारांनी आणलं की मठातल्या साधूंनी, याच्या दंतकथाच आहेत. इंग्लंडच्या थंडीत त्याला फुलं क्वचित येतात, बी तर जवळपास धरतच नाही. तरी ते तिथे टिकलं, कारण माणसाला हवं होतं फक्त मूळ, आणि मुळाला हवी ती जमीन पॉन्टिफ्रॅक्टमध्ये होती: खोल, भुसभुशीत, वाळूमिश्रित. सोटमूळ मीटरभराहून खाली जातं. जमिनीलगत आडवे धावणारे धुमारे तोडून लावले की नवं झाड तयार होतं. हे शेंगावर्गातलं झाड असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात. पण मूळ काढण्याजोगं व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि ते मोडू न देता काढायचं तर माणसाला खोल चर खणावा लागतो. एवढे कष्ट घ्यायला भावही तसाच मिळायला हवा.

तो मिळाला औषधामुळे आणि मग खाऊमुळे. १७६० मध्ये जॉर्ज डनहिल या औषधविक्याने ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर घातली, असं गावात सांगतात. त्यातून आल्या नाण्याएवढ्या काळ्या, चकचकीत वड्या, ‘पॉन्टिफ्रॅक्ट केक’. त्यांच्यावर किल्ल्याचा ठसा असतो. पूर्वी बायका हातातल्या शिक्क्याने एकेक वडी दाबून हा ठसा उमटवत. वड्या आजही गावात बनतात, मात्र आयात मालापासून. विसाव्या शतकात स्वस्त परदेशी ज्येष्ठमधापुढे तिथली शेती संपली.

आपल्याकडे गायक घशासाठी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरतात. त्यांना ठाऊक असतं की गोडी सावकाश लागते आणि बराच वेळ रेंगाळते. ही गोडी ग्लिसिरायझिनची. साखरेहून तीस ते पन्नासपट गोड असलेला हा रेणूच जपून वापरायचा आहे. आपल्या मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करत असतं. ग्लिसिरायझिनपासून शरीरात तयार होणारं आम्ल त्या विकराला अडवतं. मग मोकाट सुटलेलं कॉर्टिसॉल मिठाचं नियमन करणाऱ्या दुसऱ्याच संप्रेरकाची जागा बळकावतं. शरीरात सोडियम आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब चढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा इशारा स्पष्ट आहे: चाळिशीपुढच्या माणसाने रोज सुमारे ५७ ग्रॅम काळी लिकरिस, म्हणजे ज्येष्ठमधाची मिठाई, किमान दोन आठवडे खाल्ली, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन रुग्णालय गाठावं लागू शकतं.

खोकल्यापुरता चार दिवस घेतलेला काढा वेगळा आणि महिनोन्‌महिने रोज घेतलेलं चूर्ण वेगळं. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ज्येष्ठमध घेत असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगावं. ते थांबवल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही. पोटॅशियम पूर्ववत व्हायला कधी काही आठवडेही जातात.