फ्रीबीएसडी आणि डेस्कटॉप : पार्श्वभूमी

आज सर्व्हरची संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणून ओळखली जाणारी फ्रीबीएसडी मुळात वैयक्तिक संगणकासाठीच जन्माला आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घडत गेलेली बीएसडी, म्हणजे युनिक्स या संगणक प्रणालीची बर्कलीची आवृत्ती, विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर आणली व १९९२ मध्ये ३८६बीएसडी या नावाने खुली केली. तिच्यातील दुरुस्त्या गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रयत्नांतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी उभी राहिली.

नेमके त्याच काळात बर्कलीच्या कोडवरील हक्कासाठी एटी अँड टीच्या युनिक्स विभागाने लावलेला दावा न्यायालयात होता. १९९४ मध्ये तडजोड झाली, तरी वादग्रस्त भाग वगळून ४.४बीएसडी-लाइटच्या पायावर प्रणाली नव्याने बांधावी लागली, आणि तोवर अनेक हौशी प्रोग्रामर लिनक्सकडे वळले होते. माझ्या मते पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या दोन वर्षांत आहे.

फ्रीबीएसडीचे नेटवर्किंग भक्कम असल्याने याहू, पुढे व्हॉट्सअ‍ॅप आणि नेटफ्लिक्स यांनी ती सर्व्हरसाठी निवडली. विकासाचा ओघही साहजिकच तिकडे राहिला : २००० मध्ये जेल (एकाच यंत्रावर प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवण्याची सोय), २००८ मध्ये झेडएफएस (फाइली साठवण्याची यंत्रणा).

डेस्कटॉपची खरी कोंडी ड्रायव्हरपाशी, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामपाशी, झाली. पूर्वी ग्राफिक्स कार्ड हाताळण्याचे बरेचसे काम एक्स सर्व्हर हा पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम करीत असे आणि तोच कोड थोड्या बदलाने फ्रीबीएसडीवरही चाले. मात्र २००९ च्या सुमारास लिनक्समध्ये हे काम कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, गेले, आणि लिनक्स कर्नलशी घट्ट बांधलेले ते ड्रायव्हर प्रत्येक वेळी वेगळे जुळवून (पोर्ट करून) आणण्याची पाळी फ्रीबीएसडीवर आली. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी असा पहिला पाठिंबा २०१२ मध्ये मिळाला. पुढे लिनक्सच्या कर्नलमधील फंक्शनांना तोडीस तोड असा लिनक्सकेपीआय हा सुसंगततेचा थर विस्तारत गेल्यावर लिनक्सचे ड्रायव्हर फारसे न बदलता वापरणे शक्य झाले. हा मार्ग मला योग्य वाटतो, कारण मोजक्या मनुष्यबळाला प्रत्येक नव्या कार्डासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहिणे कधीच झेपणार नव्हते.

तयार डेस्कटॉप देण्याचे प्रयत्नही झाले. २००५ मध्ये सुरू झालेल्या पीसी-बीएसडीने ग्राफिकल इन्स्टॉलर दिला, २०१६ मध्ये तिचे नाव ट्रूओएस झाले आणि काही वर्षांत ती बंद पडली. घोस्टबीएसडी मात्र सुरू आहे.

लॅपटॉपवरील वाय-फायची उणीव सर्वांत जास्त जाचली. इंटेलच्या नव्या कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर २०२२ च्या १३.१ आवृत्तीत आला, पण तो जुन्या, संथ मानकांपुरताच होता. फ्रीबीएसडी फाउंडेशनने २०२४ मध्ये लॅपटॉपसाठी निधीसह स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला आणि २०२५ च्या १४.३ आवृत्तीत याच ड्रायव्हरला ८०२.११एसी या वेगवान वाय-फाय मानकाचा वेग मिळाला. त्यामुळे आज निर्णय घेताना प्रणालीच्या नावापेक्षा आपल्या यंत्रातील ग्राफिक्स आणि वाय-फायची चिप कोणती, हे आधी तपासावे लागते.