जठरात जंतू राहतो, हे पटायला लागलेली शंभर वर्षं

एंडोस्कोपी करताना जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात आणि पिवळ्या जेलमध्ये रुतवतात. त्याच्याभोवती गुलाबी रंग पसरू लागला, की निदान झालं: हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे अल्सरला (आतल्या व्रणाला) कारण ठरणारा जंतू. जेलमध्ये युरिया असतो. हा जंतू युरियेज नावाच्या विकराने त्याचा अमोनिया करतो आणि रंग पालटतो. जठरातही तो हेच करतो. अमोनियाचं आवरण ओढून जळजळीत आम्लात तग धरतो.

हे विकर जठरात सापडलं १९२४ साली. पण ते जठराच्याच पेशींचं, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. १९५०च्या दशकात अँटिबायोटिक दिल्यावर जठरातलं युरियाचं विघटन थांबतं, हेही दिसलं. तरी जंतूवर कुणाचा फारसा संशय गेला नाही.

जंतू प्रत्यक्ष दिसलाही होता. १८९३ मध्ये तुरीनच्या ज्युलिओ बिझोझेरो यांना कुत्र्यांच्या जठरात मळसूत्री जंतू आढळले, तर १८९९ मध्ये क्राकोच्या वालेरी यावोर्स्की यांना माणसाच्या. पण यावोर्स्कींनी लिहिलं ते पोलिशमध्ये, त्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. १९१० साली कार्ल श्वार्त्स यांनी ‘आम्ल नाही तर अल्सर नाही’ असं सूत्र मांडलं आणि पुढची सत्तर वर्षं उपचार त्याच वाटेने गेले. तासातासाला दूध-साय आणि आम्लनाशक चूर्णं, नाहीतर सरळ जठराचा भाग कापून टाकायचा. शिवाय ‘तुम्ही फार काळजी करता’ हा ठपका रुग्णाच्याच माथी. १९५४ मध्ये एडी पामर यांनी हजाराहून जास्त रुग्णांच्या बायोप्सी पाहून जंतू नसल्याचा निर्वाळा दिला. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगद्रव्यात हा जंतू सहज नजरेला येत नाही, एवढीच त्यातली मेख.

ग्रीसमधल्या मेसोलोंगीचे डॉक्टर जॉन लायकूडिस १९५८ पासून अल्सरवर अँटिबायोटिक देत होते. त्यांच्या वाट्याला शाबासकीऐवजी दंड आला.

१९७६ मध्ये सिमेटिडीन आलं आणि आम्ल खरोखरच आटोक्यात आलं. पण गोळी बंद केली की अल्सर परत. औषध कंपन्यांना यात काही खटकण्याचं कारण नव्हतं.

१९७९ मध्ये पर्थच्या रॉबिन वॉरेन या पॅथॉलॉजिस्टना बायोप्सीत हे जंतू दिसले. चांदीच्या रंगद्रव्याने ते ठसठशीत उठून आले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्या जोडीला आला. जंतू बशीत वाढवायचे प्रयत्न मात्र फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकायची, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या लागून आल्या, बश्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला!

तरीही तज्ज्ञ बधेनात. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःची एंडोस्कोपी करून घेतली, जठर निरोगी असल्याची खात्री केली आणि एका रुग्णाच्या जठरातून वाढवलेले जंतू पोषक द्रावात कालवून पिऊन टाकले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी आली. पुन्हा एंडोस्कोपी केली तेव्हा जठराला सूज आणि तिथे तेच जंतू. हा किस्सा सांगताना हमखास एक चूक होते: त्यांना अल्सर झाला नव्हता, जठरदाह झाला होता. अल्सरचा पुरावा नंतरच्या चाचण्यांनी दिला. जंतू नाहीसा केला की अल्सर सहसा उलटत नाही, हे त्यांत दिसलं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी हा जंतू असलेल्या अल्सरच्या रुग्णांना अँटिबायोटिक द्यावं असं सांगितलं, आणि त्याच वर्षी हा जंतू कर्करोगकारकांच्या यादीत गेला. वॉरेन-मार्शल यांना नोबेल मिळालं २००५ साली.

आता नळी न घालताही निदान होतं. खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायचा आणि पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो कार्बन श्वासात उतरतो. शौचाच्या नमुन्यातही जंतूची प्रथिनं सापडतात. रक्ततपासणीवर मात्र माझा भरवसा नाही, कारण लागण जुनी की आताची हे ती सांगत नाही. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या तपासणीआधी दोन आठवडे थांबवाव्या लागतात, नाहीतर जंतू दबून राहतो आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. अर्थात, त्या थांबवायच्या डॉक्टरांना विचारूनच.

उपचार वाटतो तितका सोपा राहिलेला नाही. १९९०च्या दशकात आम्ल कमी करणारी गोळी, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन असा सात दिवसांचा कोर्स बहुतेकांना पुरायचा. पुढे जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला सरावला. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चौदा दिवसांचा कोर्स आधी देतात. गोळ्या भरपूर, तोंडाला कडवट चव, शौच काळी. त्यामुळे आठवड्याभरात पोट शांत झालं की अनेकजण कोर्स अर्धवट सोडतात. जंतू गेला की नाही हे मात्र पोट शांत झाल्यावरून कळत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून पुन्हा पिशवीत फुंकावंच लागतं.