गुडघ्याची सोनोग्राफी: काय दिसतं, काय लपून राहतं

सोनोग्राफी म्हटली की आपल्याला आठवतं ते गरोदरपण, नाहीतर मुतखडा. गुडघ्यासाठी कुणी सोनोग्राफी लिहून दिली तर पेशंट चिठ्ठी दोनदा वाचतो. वास्तविक ही कल्पना जुनीच आहे. गुडघ्यामागची पाण्याची गाठ, म्हणजे बेकर्स सिस्ट, आणि पायाच्या शिरेतली गुठळी यांतला फरक सोनोग्राफीने ओळखता येतो, हे मॅक्डोनाल्ड आणि लिओपोल्ड यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. ती गाठ फुटली तरी पोटरी सुजते, गुठळी झाली तरी सुजते. गुठळीला रक्त पातळ करणारी औषधं लागतात. फुटलेल्या गाठीत तीच दिली तर आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडून त्यांचे पडसाद टिपणारं हातातलं उपकरण, लावून पाहिलेलं बरं.

आपल्या कानांना साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गुडघ्यासाठीचा प्रोब साधारण ७० लाख ते दीड कोटी हर्ट्झच्या लहरी सोडतो. वारंवारता जितकी जास्त तितकं चित्र बारीक, पण लहरींची पोच कमी. वाटीच्या वरचे आणि खालचे स्नायूबंध (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) कातडीच्या लगेच खाली असल्यामुळे तिथे हे गणित छान जमतं.

निरोगी स्नायूबंध पडद्यावर समांतर चकचकीत रेघांसारखा दिसतो. गंमत अशी, की प्रोब किंचित कलला तरी परतणाऱ्या लहरी भलतीकडे जातात आणि धडधाकट स्नायूबंधही काळा दिसू लागतो, अगदी फाटल्यासारखा. मग डॉक्टर प्रोब मागेपुढे कलवून बघतात. काळेपणा गेला तर तो नुसता भास होता. कुठल्याही कोनातून तो तसाच राहिला तर दुखापतीचा संशय घ्यायचा. ही तपासणी यंत्राइतकीच हाताच्या सवयीवर अवलंबून आहे ती यामुळेच. शिवाय तपासताना पाय वाकवायला सांगता येतो. मांडीचा स्नायूबंध तुटला असेल तर त्यातली फट हालचालीबरोबर रुंदावताना दिसते. दुसरा गुडघा शेजारीच असतो, त्याच्याशी लगेच ताडून पाहता येतं. सांध्यातलं पाणी सुईने काढायचं असेल तर सुई कुठे चाललीय तेही दिसतं.

पण हाडापुढे ध्वनीचं काही चालत नाही. बहुतेक लहरी हाडावरूनच माघारी फिरतात. त्यामुळे दोन हाडांच्या मधोमध असलेलं, त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारं एसीएल लिगामेंट नीट दिसत नाही, आणि गुडघ्यातल्या गादीची फक्त बाहेरची कड हाती लागते. कबड्डीत पाय पिरगळला, ‘कट्’ असा आवाज झाला, दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नये. तिथे हाडासाठी एक्स-रे आणि लिगामेंटसाठी एमआरआयच हवा.

परदेशात काही संघांचे डॉक्टर छोटं यंत्र मैदानावरच घेऊन येतात. आपल्याकडे ते सोपं नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते, मग ते गुडघेच तपासायला आणलेलं का असेना.