डू-प्रिव्हिलेज्ड आणि कॉल स्टॅकची खोली

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ठेकेदारांची जावा या प्रोग्रामिंग भाषेशी गाठ पडली ती ई-निविदेमुळे. कणकवली-कुडाळच्या सायबर कॅफेत यूएसबी टोकन लावायचं, मग ब्राउझरमधलं ॲपलेट, म्हणजे पानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम, डिजिटल सही करणार. ॲपलेट प्रमाणित असलं, तरी पानावरच्या जावास्क्रिप्टने त्याची मेथड (कामाचा एक तुकडा) बोलावली की परवानगी नाकारली जाऊ शकायची. कोणी कोणाला बोलावलं याची चळत म्हणजे कॉल स्टॅक, आणि त्यातली एकेका मेथडची नोंद म्हणजे फ्रेम. तपासणी फक्त वरच्या फ्रेमची होत नसे. ती स्टॅकमध्ये खाली उतरत जायची आणि वाटेतल्या प्रत्येक कोडला ती परवानगी असावी लागायची. इथे तळाशी परकी जावास्क्रिप्ट बसलेली.

यावरचा उपाय 1998 च्या जावा 1.2 मध्ये आला. त्याच्या बीटा आवृत्तीत विशेषाधिकार सुरू आणि बंद करणारी 'बिगिन-प्रिव्हिलेज्ड' आणि 'एंड-प्रिव्हिलेज्ड' अशी जोडी होती. मधलं काम ट्राय-फायनलीत (चूक झाली तरी शेवटची ओळ चालवणाऱ्या रचनेत) घालायचं, एवढंच. ती जोडी काढून डू-प्रिव्हिलेज्ड आणलं, त्यावर कुरकुर झाली आणि ती रास्तच होती. दोन ओळींच्या कामासाठी अनामिक क्लास लिहा, त्याच्या 'रन' मेथडमध्ये काम घालून ते डू-प्रिव्हिलेज्डला द्या, बाहेरचे व्हेरिएबल फायनल करा, एक्सेप्शन गुंडाळून पाठवा. शिवाय स्टॅकवर फ्रेम वाढल्या: एक डू-प्रिव्हिलेज्डची, एक 'रन'ची. तरी बदल योग्यच होता असं माझं मत. जोडी जुळवणं प्रोग्रामरच्या हाती होतं. आता 'रन' संपलं की विशेषाधिकारही संपतो, विसरायला जागाच नाही.

घोळ होतो तो खोलीवरून. डू-प्रिव्हिलेज्ड बोलावणाऱ्या फ्रेमपर्यंत तपासणी व्हायची, तिच्या खाली कोणी बघत नसे. म्हणजे तपासणीची खोली घटायची. प्रत्यक्ष स्टॅक मात्र कापला जात नाही, उलट वाढतोच. 64-बिट लिनक्सवर थ्रेडला सहसा 1 एमबी स्टॅक मिळतो; रिकर्शनच्या (मेथडने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या) प्रत्येक पायरीवर डू-प्रिव्हिलेज्ड असेल तर स्टॅक-ओव्हरफ्लो, म्हणजे स्टॅक भरून येणारी एरर, लवकर गाठतो. पूर्वी एररसोबतच्या फ्रेमच्या यादीत डू-प्रिव्हिलेज्डपुढे 'नेटिव्ह मेथड' (जावाबाहेर लिहिलेली मेथड) असं दिसायचं. जावा 12 मध्ये ते शुद्ध जावात लिहिलं गेलं आणि यादीत 'एक्झिक्यूट-प्रिव्हिलेज्ड' ही आणखी एक ओळ आली.

पुढे ब्राउझरांनी प्लगइन बंद केले, ॲपलेट गेलं. 2021 च्या जावा 17 ने सिक्युरिटी मॅनेजर, म्हणजे या परवानग्या तपासायला लावणारा जावाचा भाग, मोडीत काढायचं जाहीर केलं, 2025 च्या जावा 24 ने तो कायमचा बंद केला. आता डू-प्रिव्हिलेज्ड दिलेलं काम नुसतं चालवतं. तपासणी उरली नाही. जुन्या लायब्ररींमध्ये त्या दोन फ्रेम मात्र अजून पडतात.