इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरवर इतकी बटणं आली कुठून?

जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (सिग्नल सांभाळणारा प्री-ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प्लिफायर एकाच डब्यात) घरी आणला की पहिल्या काही दिवसांत पडणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. मागच्या बाजूला ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ या जॅकांमध्ये वाकवलेल्या धातूचे दोन तुकडे कशासाठी खोचलेत? ‘फोनो’ लिहिलेल्या जॅकला मोबाइल जोडला तर आवाज का फाटतो? ‘लाउडनेस’ दाबून ठेवायचं की नाही? चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो बिघाड तर नाही? माहितीपुस्तिका बहुधा हरवलेली असते, आणि असली तरी ती काय करायचं एवढंच सांगते. ही बटणं आणि हे जॅक तिथे का आहेत, याचं उत्तर मुख्यतः १९४० ते १९८० या चाळीस वर्षांत सापडतं. त्या त्या वेळी जी अडचण होती तिच्यावरचा इलाज डब्यावर येऊन बसला, आणि अडचण संपली तरी बराच काळ तिथून हलला नाही.

सुरुवात स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या भागापासून, म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायरपासून करायला हवी, कारण तो प्रश्न आधी सुटला. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅब्जचे इंजिनियर हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. वाटेत त्यांना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी ती मांडली. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. त्यात ॲम्प्लिफायरची काही ताकद खर्ची पडते, पण त्याने स्वतः घुसवलेली विकृती (डिस्टॉर्शन) मोठ्या प्रमाणात कमी होते. ब्लॅक यांच्यापुढे तेव्हा लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइन होत्या, घरातलं संगीत नव्हे. घरापर्यंत ही युक्ती पोचायला महायुद्ध संपावं लागलं. १९४५मध्ये इंग्लंडच्या हॅरॉल्ड लीक यांनी ‘पॉइंट वन’ नावाचा, व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा ॲम्प्लिफायर आणला. नावातच दावा होता: विकृती फक्त ०.१ टक्का. दोन वर्षांनी, १९४७मध्ये, डी. टी. एन. विल्यमसन यांचा १५ वॉटचा आराखडा ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन तो घरी बांधला.

खरी डोकेदुखी होती रेकॉर्डची. रेडिओग्रामच्या (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या कपाटाच्या) क्रिस्टल पिकअपमधून, म्हणजे सुई धरणाऱ्या भागातून, बऱ्यापैकी मोठा सिग्नल यायचा, त्यामुळे काम भागायचं. त्याच जागी बसणारी दर्जेदार मॅग्नेटिक कार्ट्रिज मात्र जेमतेम काही मिलिव्होल्ट देते. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार आवाज मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, नाहीतर खर्जाच्या हेलकाव्याने एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि वरचे स्वर पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतील. वाजवताना हे सगळं उलटं करून घ्यावं लागतं. १९५४ पर्यंत प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचं प्रमाण वेगळं होतं, म्हणून त्या काळच्या प्री-ॲम्प्लिफायरवर त्यासाठी वेगळी कळ असायची. १९५४मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाने ‘आरआयएए’ हे एकच प्रमाण ठरवलं आणि हळूहळू ते सगळीकडे लागू झालं. त्यानुसार वाजवताना अगदी खालचा, २० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळपास दहापट उचलावा लागतो, आणि २०,००० हर्ट्झचा तितकाच दाबावा लागतो. फोनोच्या जॅकमागे आजही हेच सर्किट असतं. मोबाइलचा शेकडो पट मोठा सिग्नल तिथे दिला की तो आधी फाटतो आणि वर त्याचा खर्जही फुगतो.

यातूनच दुसरी अडचण उभी राहिली. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे ज्या पट्ट्यात फोनो सर्किट सर्वांत जास्त उचल देतं नेमक्या त्याच पट्ट्यातली. जड ट्रान्सफॉर्मर आणि मिलिव्होल्टचा सिग्नल एका पत्र्याच्या डब्यात ठेवणं म्हणजे या गुणगुणीला आमंत्रण. त्यात व्हॉल्व्हची उष्णता. म्हणून लीक काय किंवा हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचं ‘क्वाड’ काय, १९५०च्या दशकातल्या नामांकित इंग्लिश कंपन्यांनी दोन तुकडे वेगळे ठेवले. छोटं कंट्रोल युनिट हाताशी, गरम होणारा पॉवर ॲम्प्लिफायर कपाटाच्या तळाशी, आणि मध्ये जाड केबल. प्री-ॲम्प्लिफायरला लागणारी वीजही पॉवर ॲम्प्लिफायरमधूनच यायची. बास आणि ट्रेबलच्या ज्या गोल कळा आपण आजही फिरवतो, त्यांच्यामागचं सर्किट पीटर बॅक्सॅंडल यांनी १९५२मध्ये याच ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापलं. इतकं साधं आणि इतकं टिकलेलं काम या क्षेत्रात दुसरं क्वचितच सापडेल.

मग आलं स्टीरिओ. ॲलन ब्लमलिन यांनी त्याचा पेटंट अर्ज १९३१मध्येच केला होता, पण स्टीरिओ रेकॉर्ड दुकानांत आल्या त्या १९५८मध्ये. एका रात्रीत सगळं दुप्पट झालं: दोन पॉवर ॲम्प्लिफायर, दोन प्री-ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. दिवाणखान्यात एवढा पसारा मांडायला घरातली मंडळी कशाला तयार होतील? सगळं एकाच डब्यात बसवण्याची खरी निकड इथून सुरू झाली. डावा आणि उजवा असे दोन चॅनेल सारखे वाजावेत म्हणून बॅलन्सची कळ आली, आणि जुन्या मोनो रेकॉर्ड वाजवण्यासाठी मोनोचं बटण आलं.

व्हॉल्व्ह वापरूनही एका डब्यातले ॲम्प्लिफायर निघाले, पण तो डबा घराघरांत गेला तो ट्रान्झिस्टरमुळे. उष्णता कमी, आकार लहान, आणि प्रत्येक चॅनेलला लागणारा जड, महाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर गायब. लीक यांचा ट्रान्झिस्टरवरचा ‘स्टीरिओ ३०’ १९६३चा. १९६५मध्ये सोनीने सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘टीए-११२०’ आणला आणि जपानी कंपन्यांची लाट उसळली. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कानाला कोरडे लागायचे, ही तक्रार निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हती. हळू आवाजात, सिग्नल एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना जी खोच पडते, ती व्हॉल्व्हच्या गुळगुळीत विकृतीपेक्षा कानाला जास्त टोचते. कागदावरचा आकडा चांगला आणि आवाज वाईट, असं तेव्हा अनेकदा घडलं.

तो ‘टक्’ आवाजही याच टप्प्यातला. पुढे आउटपुटला असलेला, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) अडवणारा मोठा कपॅसिटर काढून ट्रान्झिस्टर थेट स्पीकरला जोडण्याची पद्धत आली. त्यात एक ट्रान्झिस्टर उडाला तर पुरवठ्याचा डीसी सरळ स्पीकरमध्ये जाऊन कॉइल जळते. म्हणून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला: आत सगळं स्थिर झालं की मगच तो स्पीकर जोडतो. तेव्हा ‘टक्’ ऐकू येणं हे सगळं ठीक असल्याचं लक्षण आहे. काळजी करायची ती तो आवाज यायचा थांबल्यावर.

सत्तरच्या दशकात वॉटची शर्यत लागली. अमेरिकेत एकाच ॲम्प्लिफायरची ताकद जाहिरातवाल्याच्या मर्जीनुसार कितीही छापली जायची. १९७४मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: दोन्ही चॅनेल एकत्र चालवून, किती ओहमला, कुठल्या स्वरपट्ट्यात, किती विकृतीसह सलग किती वॉट मिळतात ते सांगा, आणि मोजणीआधी एक तास एक-तृतीयांश ताकदीवर यंत्र चालवून तापवा. ही शेवटची अट निर्मात्यांना फार जाचली, कारण तेव्हाच्या बहुतेक सर्किटमध्ये सर्वाधिक उष्णता साधारण त्याच टप्प्यात तयार होते. उष्णता बाहेर टाकणारे मोठाले हीटसिंक आले त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याकडे असा लगाम नसल्यामुळे ‘पीएमपीओ’ नावाचा, क्षणिक कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा खोक्यांवर सुखाने नांदला. प्लॅस्टिकच्या टू-इन-वनवर हजार-दोन हजार वॉट पाहून हुरळून जायच्या आधी एवढंच आठवावं की वॉट दुप्पट केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा.

ही शर्यत कोणी उघडी पाडली असेल तर ती एनएडी ३०२० या साध्या दिसणाऱ्या डब्याने. १९७२मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या कंपनीसाठी नॉर्वेच्या एरिक एडवर्डसेन यांनी तो रचला, बनवला गेला तैवानमध्ये, बाजारात आला १९७८मध्ये. छापील ताकद चॅनेलला २० वॉट. पण एडवर्डसेन यांनी हिशेब वेगळा धरला होता. संगीत सलग एका ताकदीने वाजत नाही. तबल्याची थाप किंवा पियानोचा आघात क्षणभर मोठी मागणी करतो आणि ओसरतो. शिवाय ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर काही स्वरांना ४ ओहमच्याही खाली उतरतो आणि दुप्पट करंट मागतो. प्रयोगशाळेतल्या ८ ओहमच्या रेझिस्टरवर मोठा आकडा दाखवणारे बरेच ॲम्प्लिफायर खऱ्या स्पीकरपुढे इथेच दम टाकायचे. ३०२० अशा क्षणांना छापील आकड्याच्या कितीतरी वर जायचा, आणि मर्यादा गाठलीच तर मागच्या ‘सॉफ्ट क्लिपिंग’च्या बटणामुळे लाटेचा माथा करवतीने कापल्यासारखा न तुटता गोलसर दबायचा. वेगवेगळ्या आवृत्त्या मिळून तो दहा लाखांच्या वर खपला.

याच ३०२०च्या पाठीवर ते वाकवलेले तुकडेही आहेत. प्री आणि पॉवर हे विभाग डब्याच्या आत एकत्र आले, तरी बाहेरून त्यांचा सांधा मोकळा ठेवला होता. आज डबा घ्या, उद्या पैसे आले की मोठा पॉवर ॲम्प्लिफायर जोडा, अशी ती सोय. ते तुकडे स्थलांतरात हरवले की आवाज बंद पडतो, आणि ‘मरा हुआ है’ म्हणून यंत्र भंगाराच्या भावात जातं. जुन्या बाजारात घासाघीस करण्याआधी मागे डोकावून पाहावं ते यासाठी. साध्या दोन केबलींनी काम होतं.

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये वारं उलटं फिरलं. सिग्नलच्या वाटेत जितकं कमी तितकं बरं, असा आग्रह धरून बास-ट्रेबल काढून टाकण्याची लाट आली. १९८३चा नेम कंपनीचा ‘नेट’ हा त्याचा टोकाचा आणि गाजलेला नमुना: ताकद १५ वॉटच्या आसपास, टोन कंट्रोल नाहीत. १९८२मध्ये आलेल्या सीडीने दुसरा धक्का दिला. सीडी प्लेअर थेट २ व्होल्ट देतो, त्याला उचल नको, सुधारणा नको. फोनो सर्किट मग खर्च वाचवण्यासाठी पहिल्यांदा वगळलं गेलं.

लाउडनेसच्या बटणाची मात्र नाहक बदनामी झाली असं मला वाटतं. आवाज हळू केला की कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, हे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं होतं. हे बटण तेवढीच भरपाई करतं. रात्री दहानंतर, भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये, हळू आवाजात तानपुऱ्याचा खर्ज भरीव ऐकायचा असेल तर ते दाबण्यात कमीपणा काहीच नाही. दिवसा आवाज मोठा करून ते दाबून ठेवलं तर सगळं घुमायला लागतं, एवढं पाहिलं की झालं.

महाराष्ट्रात हा सगळा इतिहास थोडा आडवाटेने पोचला. १९९१पर्यंत आयातीवर कडक निर्बंध होते. घरात रेडिओग्राम असायचा, पुढे ‘डेक’ आला. मुंबईचं कॉस्मिक आणि कोलकात्याचं सोनोडाइन यांनी देशी स्टीरिओची हौस भागवली. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणून ओळखीच्या मेकॅनिककडून ॲम्प्लिफायर बांधून घेणारेही कमी नव्हते. सान्सुई, पायोनियर, केनवुड आले ते बहुधा आखातातून किंवा बोटीवरून परतणाऱ्या नातेवाइकांबरोबर. आज जुन्या बाजारात फिरणारे बरेच डबे त्याच पिढीचे आहेत, त्यामुळे मागची व्होल्टेजची पाटी वाचणं सर्वांत महत्त्वाचं. जपानमधल्या विक्रीसाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. त्याला सर्रास मिळणारा ११० व्होल्टचा स्टेप-डाउन लावला, आणि आपली लाइन २३०ऐवजी २४० असली, तर ते कायम पंधरा टक्के जास्त व्होल्टेजवर तापत राहतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत व्हॉल्यूमचे पॉट (कळेमागचे फिरते रेझिस्टर) आणि कळा काळवंडून खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते बहुधा सुधारतात. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर मात्र बदलावेच लागतात.

नव्वदनंतर होम थिएटरच्या रिसीव्हरने दोन चॅनेलच्या डब्याला बाजूला सारलं, पण तो संपला नाही. ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद करणाऱ्या क्लास डीमुळे उष्णतेचा प्रश्न जवळपास मिटला. एनएडीने २०१३मध्ये जुन्या नावाची आठवण ठेवून ‘डी ३०२०’ काढला; त्यात ब्लूटूथ होतं, फोनो नव्हता. पुढच्या आवृत्तीत फोनो परत आला, कारण तोवर रेकॉर्डही परत आल्या होत्या. आता टीव्हीसाठी एचडीएमआयचा जॅक येऊ लागलाय.

नव्या डब्यांना स्वतःहून झोपण्याची सवयही लागली आहे. युरोपीय संघाने २०१३पासून स्टँडबायमधला वीजवापर अर्ध्या वॉटवर आणला आणि वापर नसताना यंत्राने आपोआप बंद व्हावं अशी अट घातली, म्हणून जगभर विकल्या जाणाऱ्या मॉडेलांत ती सोय दिसते. हळू आवाजात विलंबित ऐकत असताना काही ॲम्प्लिफायर सिग्नलच नाही असं समजून मध्येच बंद पडतात. बहुतेकांत ही सोय बंद करायची कळ मागच्या बाजूला किंवा मेनूमध्ये असते.